निगेटिव्ह कॅरिअर कानशीने घासून खडबडीत काळी चौकट: किती घासायचं, कुठे थांबायचं?

डेव्हलपर_गिरगाव

एन्लार्जरमध्ये (निगेटिव्ह मोठं करून कागदावर छापायचं यंत्र) निगेटिव्ह धरून ठेवणारा ३५ मिमीचा बिनकाचेचा कॅरिअर आहे. बिजागरीवर मिटणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी साधारण २ मिमी जाड. व्हर्नियरने मोजलं तर खिडकी २२.८ × ३४.६ मिमी भरते, म्हणजे फ्रेमच्या चारही बाजू थोड्या थोड्या खाल्ल्या जातात. पूर्ण फ्रेम छापायची आहे आणि तिच्याभोवती काळी चौकट हवी आहे, तीही पट्टीने आखल्यासारखी नको, बाहेरची कड खडबडीत हवी. लेन्स ५० मिमी, कागद ८ × १० इंची, चित्राची लांब बाजू साधारण ९ इंच.

प्रश्न असे:
१. प्रत्येक बाजूने नेमकं किती घासायचं?
२. दोन्ही पट्ट्या एकत्र धरून घासायच्या की वेगवेगळ्या?
३. कोणत्या कानशी घ्यायच्या?
४. घासल्यावर उघडा पडलेला चकचकीत धातू काळा करायचा की तसाच ठेवायचा? दोन्ही सल्ले ऐकले आहेत.

---

कानसकाम

आधी गणित करा, कानस नंतर हातात घ्या. इथे घासलेला धातू परत आणता येत नाही.

३५ मिमीची फ्रेम २४ × ३६ मिमी. फिल्मच्या दोन्ही कडांना असलेल्या छिद्रांच्या दोन रांगांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण २५.४ मिमी. म्हणजे चित्राच्या लांब बाजूंना, चित्र आणि छिद्रं यांच्या मध्ये, कोरी फिल्म (जिच्यातून उजेड जाऊन काळी चौकट उमटते ती) जेमतेम ०.७ मिमी उरते. आखूड बाजूंना ऐसपैस जागा आहे, कारण दोन फ्रेमच्या मध्ये साधारण २ मिमी मोकळी फिल्म असते. तुमची खरी मर्यादा ती ०.७ मिमी.

तुमच्या आकाराला एन्लार्जमेंट सुमारे ६.३५ पट. निगेटिव्हवरचा ०.१ मिमी कागदावर ०.६ मिमी होतो, ०.४ मिमीचे २.५ मिमी होतात. म्हणून सरळ रेषेचं माप २४.८ × ३७.२ मिमी धरा. वरखाली ०.४ मिमी (कागदावर २.५), डावीउजवीकडे ०.६ मिमी (कागदावर ३.८). खडबडीतपणासाठी याच्या पुढे जास्तीत जास्त ०.२ मिमी जायचं. सगळं मिळून २५.२ च्या आत राहिलात की छिद्रांपासून लांब राहिलात.

तुमच्या २२.८ × ३४.६ वरून लांब बाजूंच्या कडा प्रत्येकी १.० मिमी आणि आखूड बाजूंच्या कडा प्रत्येकी १.३ मिमी मागे न्यायच्या आहेत.

त्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्याची निगेटिव्हं मोजा. २४ × ३६ हे नुसतं सांगण्यापुरतं माप झालं. प्रत्येक कॅमेऱ्याचं गेट (फ्रेमचा आकार ठरवणारी आतली खिडकी) दशांश मिमीने इकडेतिकडे असतं, काहींचं छिद्रांच्या रेषेला किंचित तिरकंही असतं. रेंजफाइंडरवर वाइड लेन्स लावली, तिचा मागचा भाग फिल्मच्या जवळ आला, की किरण तिरके येतात आणि फ्रेम थोडी मोठी उमटते. निदान तीन रोलमधली निगेटिव्हं लाइट टेबलवर ठेवून मोजा आणि सर्वांत मोठं माप धरा.

---

पांढरी_कड

२५.४ ची एवढी धास्ती कशाला? छिद्रं आली तर पांढरी दिसतील, छानच दिसतं ते.

---

कानसकाम

छिद्रं पांढरी येत नाहीत. छिद्रातून उजेड थेट कागदावर पडतो, म्हणजे ती काळीच येणार, कोऱ्या फिल्मपेक्षाही काळी. कडेला पांढरी उमटतात ती फिल्मच्या नावाची अक्षरं आणि फ्रेमचे आकडे, कारण ते कारखान्यातच एक्स्पोज केलेले असतात आणि निगेटिव्हवर गडद असतात.

छिद्र खिडकीत अर्धं डोकावलं की त्याच्या कापलेल्या कडेवर उजेड विखुरतो आणि काळ्या चौकटीत फिकट कमानींची रांग दिसते. ती कमान खडबडीत कडेत मिसळत नाही, चूक म्हणूनच डोळ्यात भरते. छिद्रं दाखवायची असतील तर पूर्ण दाखवा, पण त्यासाठी फिल्मची सगळी रुंदी मोकळी सोडणारा कॅरिअर लागतो. ते काम वेगळं आहे.

---

लालदिवा

प्रश्न २ बद्दल. पट्ट्या एकत्र धरून घासू नका. सगळ्यात जास्त कॅरिअर इथेच बिघडतात.

चौकटीची कड खालच्या पट्टीने ठरली पाहिजे, म्हणजे लेन्सकडच्या, इमल्शनला (फिल्मवरच्या चित्राच्या थराला) टेकणाऱ्या पट्टीने. दोन्ही खिडक्या सारख्या मापाच्या असल्या तर वरची २ मिमी जाड पट्टी आड येते. लेन्स खिडकीकडे मधल्या अक्षावरून बघते, तेव्हा तिला कडेजवळ दिव्याचा उजेड दिसायच्या ऐवजी वरच्या पट्टीची उभी भिंत दिसते. ५० मिमी लेन्सला ही सावली साधारण अर्धा मिमी असते. तुमची वरखालची चौकट आहे ०.४ मिमी. म्हणजे अख्खी चौकट त्या सावलीत जाणार. काळ्याऐवजी राखाडी आणि धुरकट कड येते ती यामुळे, आणि दोष मात्र फोकसला दिला जातो.

म्हणून वरच्या पट्टीची खिडकी खालच्यापेक्षा प्रत्येक बाजूने १ मिमी मोठी करा: साधारण २७ × ३९.५. ती ओबडधोबड राहिली तरी चालेल, चित्रात तिची कड येतच नाही. छिद्रांच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी फिल्म दाबलेली राहते, त्यामुळे पकड सुटत नाही. फिल्म जागेवर बसवणाऱ्या खुंट्या किंवा गाईड असतील तर त्यांच्या जवळपास कानस नेऊ नका.

---

कानसकाम

लालदिवांशी पूर्ण सहमत. आता खालच्या पट्टीचा उतार, कारण प्रश्न ४ चं निम्मं उत्तर त्यात आहे.

खालच्या पट्टीची भिंत उभी ठेवायची नाही. फिल्मला टेकणाऱ्या बाजूला ०.३ ते ०.४ मिमीचा उभा ओठ ठेवा आणि तिथून लेन्सच्या दिशेने खिडकी रुंद होत जाईल असा ४५ अंशांचा उतार द्या. उजेड वरून खाली येतो. असा उतार खाली तोंड करून असतो, त्याच्यावर थेट उजेड पडतच नाही, मग तो परावर्तन काय करणार? भिंत उभी आणि चकचकीत असेल तर तिच्यावर घसटून गेलेला उजेड चौकटीच्या बाहेर, पांढऱ्या कडेवर, राखाडी ओघळासारखा उमटतो.

उलटा उतार दिला, म्हणजे फिल्मकडे रुंद आणि लेन्सकडे अरुंद, तर दोन्हीकडून नुकसान. भिंत दिव्याच्या समोर येते, शिवाय कड फिल्मच्या पातळीपासून २ मिमी खाली जाते आणि ग्रेन (चित्राचे कण) फोकसमध्ये असताना चौकट फोकसबाहेर राहते.

कानशी:

सपाट ६ इंची सेकंड कट (मध्यम दातांची), जिची एक बाजू बिनदातांची आहे अशी. एक कड घासताना शेजारची कड खाल्ली जात नाही. रुंदी १६ मिमीच्या आसपास असावी, २० च्या वरची या खिडकीत फिरणार नाही.

निडल फाइलचा (बारीक, सुईसारख्या कानशींचा) संच: सपाट, अर्धगोल, तिकोनी, चौकोनी, गोल.

वॉटर पेपर १२०, ६०० आणि १००० नंबर.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं मिळतं. निडल फाइल मात्र झवेरी बाजाराच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे बघा, बारीक दातांचे नंबर तिथे सुटे निवडता येतात. दुकानात कानस उजेडासमोर धरून डोळ्यांच्या रेषेत बघा, वाकलेली असेल तर लगेच कळतं.

---

हायपो_माटुंगा

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक भर. हा धातू मऊ, कानशीच्या दातांत गोळ्या होऊन बसतो आणि पुढच्या हाताला त्याच गोळ्या कडेवर खोल ओरखडे काढतात. काम सुरू करण्याआधी कानशीवर फळ्याचा साधा खडू घासा, दर पंधरावीस हातांनी तारेच्या ब्रशने दात साफ करा आणि पुन्हा खडू घासा. तेल लावू नका, तेलात कीस चिकटून राहतो.

आपल्याकडे पावसाळ्यात कानशी पंधरा दिवसांत गंजतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. गंजलेल्या कानशीची भुकटी कडेत रुतते आणि नंतर निगेटिव्हवर उतरते.

---

डेव्हलपर_गिरगाव

सगळ्यांचे आभार. वरची पट्टी मोठी करायची हे डोक्यातच नव्हतं. आता प्रत्यक्ष घासण्याचा क्रम सांगाल का? आणि खडबडीतपणा मुद्दाम कसा आणायचा? सुरुवातीपासूनच जाड दातांची कानस वापरली तर?

---

कानसकाम

जाड कानशीने सुरुवात केली की एका जागी खोल खाच पडते आणि मग ती लपवण्यासाठी सगळी कड मागे न्यावी लागते. आधी चारही कडा सरळ आणि काटकोनात आणा, खडबडीतपणा अगदी शेवटी.

पट्टीच्या फिल्मकडच्या बाजूवर मार्करने काळं करा आणि सुईच्या टोकाने २४.८ × ३७.२ चा चौकोन ओरखडा. चौकोन जुन्या खिडकीच्या मध्यावर हवा, नाहीतर निगेटिव्ह गाईडमध्ये बसल्यावर चौकट एका बाजूला जाड होईल.

व्हाइसच्या जबड्यात हार्डबोर्डचे दोन तुकडे घालून पट्टी त्यांच्यामध्ये धरा, ओरखडलेली रेघ जबड्याच्या २-३ मिमी वर ठेवा. जास्त वर काढली तर पट्टी थरथरते आणि कड लाटांसारखी होते. कानस पुढे ढकलतानाच दाबायची, मागे घेताना उचलायची. फिल्मकडून लेन्सकडे ढकला, म्हणजे बर (घासताना कडेला उठणारी धातूची धारदार कोर) खालच्या बाजूला उठते, जिथे नंतर उतार द्यायचाच आहे. रेघेच्या ०.२ मिमी अलीकडे सेकंड कट थांबवा आणि सपाट निडल फाइलने रेघेपर्यंत या.

मग उतार द्या. उतार पूर्ण झाला की ओठ इतका पातळ होतो की निडल फाइलचा एक हलका हात पुरे. म्हणूनच खडबडीतपणा शेवटी. जाड भिंतीवर तीच खाच पाडायला दहा हात लागतात आणि ती खोलवर सारखीच जात नाही.

आता खडबडीतपणा. सारख्या अंतरावर तिकोनी कानशीने खाचा पाडल्या तर चौकट टपाल तिकिटासारखी दिसते. जाड कानस कडेला आडवी घासली तरी तिच्या दातांचं अंतर सारखं असल्याने करवतीसारखी नक्षी येते आणि सहापट मोठी झाल्यावर लगेच ओळखू येते. डोळ्याला नैसर्गिक वाटते ती कड अशी: बराचसा भाग जवळजवळ सरळ, मध्येच एखादी उथळ लाट, कुठे दोन बारीक ओरखडे जवळजवळ, एखाद्या कोपऱ्याजवळ जरा खोल चावा. लाटेला अर्धगोल निडल फाइल तिरकी धरून एकदोन हात. ओरखड्यांना तिकोनीचं नुसतं टोक, तेही दर वेळी वेगळ्या कोनात. शेवटी काडीभोवती १२० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून कडेवरून एकदा फिरवा, म्हणजे खाचांची धारदार टोकं बोथट होतात.

कोपरे स्वतंत्र ठरवा. कारखान्यातल्या खिडकीचे कोपरे बहुधा गोल असतात. तसेच मागे नेले तर चौकट मऊ दिसते, चौकोनी निडल फाइलने कापले तर टोकदार. चार कोपरे चार तऱ्हांचे असले तर सगळ्यात चांगलं.

---

लालदिवा

याला जोडून एक पद्धत, जिच्याशिवाय घासूच नये. दर पाचसहा हातांनी पट्टी धुऊन, पुसून, निगेटिव्ह न घालता एन्लार्जरमध्ये लावा. हेड (दिवा आणि लेन्स असलेला वरचा भाग) नेहमीच्या उंचीवर, लेन्स एफ/८, ईझलवर (छपाईचा कागद धरणाऱ्या खालच्या फळीवर) पांढरा कागद. कडेवर फोकस करा. कानशीचं काम आता सहापट मोठं समोर दिसतं. कागदावर पेन्सिलीने चौकट गिरवा आणि पुढच्या फेरीत त्याच कागदावर तुलना करा. हातात धरून बघताना जी कड अगदीच सपाट वाटते तिच्यावर इथे चांगल्या मिलिमीटरभर टेकड्या दिसतात. बहुतेक जण हे न बघता घासत राहतात आणि चौकट फाटक्या कागदासारखी करून ठेवतात.

लक्षात ठेवा, लेन्स चित्र १८० अंश फिरवते. कॅरिअरच्या तुमच्याकडच्या डाव्या कोपऱ्यातली खाच ईझलवर तुमच्यापासून लांबच्या उजव्या कोपऱ्यात येईल.

---

पांढरी_कड

छिद्रांबद्दलची माझी चूक मान्य.

पण उघड्या धातूबद्दल वेगळं मत मांडतो. चौकटीभोवती तो राखाडी ओघळ, तो हलका धूर, मुद्दाम ठेवणारेही आहेत. चौकट कागदात विरघळल्यासारखी दिसते, रात्रीच्या आणि पावसातल्या चित्रांना शोभते. तो दोष समजून सरसकट काढून टाकू नये.

---

कानसकाम

शोभतो, पण तो हातात राहत नाही. धुराची रुंदी अ‍ॅपर्चरवर, हेडच्या उंचीवर आणि दिवा कंडेन्सरचा (भिंगांनी उजेड एकवटणारा) की डिफ्यूजनचा (उजेड पसरवणारा) यावर बदलते. एक्स्पोजर वाढवलं की धूर वाढतो. त्याच निगेटिव्हची दहा प्रिंट काढली आणि कुठे बर्न केलं (जादा उजेड दिला), कुठे नाही, तर दहा वेगवेगळ्या कडा मिळतात. हवाच असेल तर एकाच बाजूची भिंत उभी आणि चकचकीत ठेवा, बाकी तीन काळ्या करा. नको वाटला तर पाच मिनिटांत रंग लावून बंद करता येतो.

काळं करायला मॅट ब्लॅकबोर्ड पेंट, बारीक ब्रशने, पातळ एकच थर, फक्त भिंतीवर आणि उतारावर. फिल्मला टेकणाऱ्या पृष्ठभागावर थेंबसुद्धा नको, दिव्याच्या उष्णतेने रंग मऊ होऊन इमल्शनला चिकटतो. परमनंट मार्कर तात्पुरता ठीक, पण तो चकाकतो आणि फिकट होत जातो. चकचकीत काळा रंग घेऊ नका, घसटून जाणाऱ्या उजेडाला तो उघड्या धातूइतकाच चमकतो.

रंगाआधी फिल्मकडची बाजू: काचेवर ६०० चा वॉटर पेपर पसरून पाण्याबरोबर पट्टी सपाट फिरवा, मग १०००. कडेवरून नख फिरवा, कुठेही अडकता कामा नये. कापसाचा बोळा फिरवा, एकही तंतू मागे राहायला नको. उरलेली बर निगेटिव्ह सरकवताना फिल्मभर सरळ रेघ ओढते आणि ती रेघ कायमची. यानंतर भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. चुंबकाला अ‍ॅल्युमिनियम लागत नाही, तेव्हा कीस धुऊनच काढावा लागतो. कानसकाम डार्करूममध्ये कधीही करू नका.

---

सहा_बाय_सहा

कॅरिअर एकच असेल तर आधी नक्कल करा असं सुचवेन. मूळ कॅरिअर जुन्या एन्लार्जरबरोबर आलेला असतो, बिघडला तर चोर बाजारात मटन स्ट्रीटवर तसाच दुसरा मिळेल याचा भरवसा नाही. १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळी पत्रा गुलालवाडीत, कीका स्ट्रीटला मिळतो. मूळ कॅरिअरची बाहेरची रेषा पत्र्यावर उतरवा, दोन तुकडे कापा. पातळ पत्र्याला उतारही कमी द्यावा लागतो.

त्याहून स्वस्त म्हणजे काळा माउंट बोर्ड. दोन तुकडे, एका बाजूला कापडी चिकटपट्टीची बिजागरी, खिडकी नव्या ब्लेडने. बोर्ड आतूनही काळा हवा. पांढऱ्या गाभ्याचा असेल तर कापलेली कड आरशासारखं काम करते. कागदाचे तंतू कडेवर उभे राहतात आणि चौकटीवर केसांसारखे दिसतात. नको असतील तर पाणी घातलेला फेविकॉल काडीने कडेला लावून वाळवा आणि मग १२० ने हलकं घासा. दमट हवेत बोर्ड फुगतो, वाकतो आणि फोकस एका कोपऱ्यातून सुटतो. जून ते सप्टेंबर हा कॅरिअर भरवशाचा नाही. पण चौकट किती जाड हवी, कोपरे कसे हवे, हे धातूला हात लावण्याआधी ठरवायला उत्तम.

माझाही एक प्रश्न. ६ × ६ सेंमीच्या निगेटिव्हसाठी हीच मापं कशी बदलतील?

---

लालदिवा

६ × ६ साठी लागणाऱ्या १२० फिल्मची रुंदी साधारण ६१ मिमी, फ्रेम ५६ × ५६. प्रत्येक बाजूला अडीच मिमीच्या आसपास जागा, आणि फिल्मचं नाव, आकडे त्याच पट्टीत. ८ इंची चौकोनी चित्र काढलं तर एन्लार्जमेंट ३.६ पट. म्हणजे कागदावर ३.६ मिमीची चौकट हवी असेल तर निगेटिव्हवर पूर्ण १ मिमी लागतो, खिडकी ५८ × ५८. खाचाही ३५ मिमीपेक्षा जवळजवळ दुप्पट खोल पाडाव्या लागतात, नाहीतर कड सरळच दिसते.

पण आता फिल्मला टेकू उरतो प्रत्येक बाजूला दीड मिमी. दिवा तापला की निगेटिव्ह मध्ये फुगतं आणि फोकस एक्स्पोजर चालू असतानाच सरकतो. लाल फिल्टर आड घेऊन निगेटिव्ह अर्धा मिनिट गरम होऊ द्या, मग फोकस करा आणि एफ/११ वर छापा. काचेचा कॅरिअर असेल तर फुगणं थांबतं, पण पावसाळ्यात फिल्मची चकचकीत पाठ काचेला चिकटून न्यूटन रिंग (वलयांचे डाग) येतात. वरची काच अँटी-न्यूटन घ्या. आणि काचेवर खिडकी पातळ काळ्या कागदाची कापून खालच्या काचेच्या वर, फिल्मला लागून ठेवा. काचेच्या खाली ठेवली तर काचेच्या जाडीइतकी फोकसबाहेर जाईल.

---

हायपो_माटुंगा

कॅरिअर झाल्यावर येणारी पुढची तक्रार ठरलेली: चौकट काळी नाही, राखाडी येते. बहुतेक वेळा कॅरिअर निर्दोष असतो.

कोरी फिल्म म्हणजे पूर्ण पारदर्शक नव्हे, बेस (फिल्मचा मूळ पत्रा) आणि फॉग (उजेड न पडताही येणारा हलका काळपटपणा) यांची थोडी घनता असतेच, काही फिल्मचा बेस तर मुळातच राखाडी असतो. त्याच्यातून कागद पूर्ण काळा व्हायला ठरावीक वेळ लागतो. तो वेळ काढा: त्याच उंचीवर, त्याच अ‍ॅपर्चरवर, कागदाच्या त्याच ग्रेडवर (कॉन्ट्रास्टवर) फिल्मच्या कोऱ्या भागातून टेस्ट स्ट्रिप, दर पट्टीला २ सेकंद वाढवत. ज्या पट्टीनंतर काळेपणा वाढत नाही तो तुमचा किमान वेळ. ओल्या प्रिंटवर ठरवू नका, वाळवून बघा. चित्राला त्याहून कमी वेळ लागत असेल तर निगेटिव्ह पातळ आहे आणि चौकट राखाडीच येणार. पुढच्या रोलला एक्स्पोजर वाढवा.

हातात असलेल्या पातळ निगेटिव्हला उपाय आहे. एका फुकट प्रिंटवरून चित्र कापून घ्या, सगळीकडे चौकटीच्या आत १ मिमी येईल असं. त्या मापाचं काळं कार्ड करा. मुख्य एक्स्पोजर झालं की लाल फिल्टर आड घ्या, कार्ड चित्रावर बरोबर ठेवा, वर दोन नाणी ठेवा, फिल्टर काढा आणि चौकटीला आणखी तितकाच वेळ द्या. निगेटिव्ह आणि कॅरिअर जागचे हलवायचे नाहीत. कॅरिअर काढून परत घातला की खडबडीत कड दोनदा उमटते, केसाच्या अंतरावर.

कडेजवळ डॉज करतानाही (उजेड अडवतानाही) जपा. डॉजिंगची सावली चौकटीवर गेली की तेवढा भाग राखाडी होतो आणि तो लपत नाही.

---

डेव्हलपर_गिरगाव

खालची पट्टी झाली. माप २४.८ × ३७.३, खाचांसह सगळ्यात रुंद जागी २५.१. वरची २७ × ३९.५. रिकाम्या कॅरिअरने काढलेल्या प्रिंटवर तीन बाजू स्वच्छ आहेत, चौथ्या बाजूला, एका आखूड कडेबाहेर, ३-४ मिमीचा राखाडी पट्टा आहे. ईझलच्या पट्ट्या चौकटीपासून लांब आहेत. रंग अजून लावलेला नाही. हा भिंतीचा धूर की हेडमधून गळणारा उजेड?

---

लालदिवा

दोन्ही वेगळे ओळखता येतात. पांढऱ्या कडेवर, पट्ट्याच्या आत एक आणि पट्ट्यापासून लांब एक, अशी दोन नाणी ठेवून नेहमीच्या दुप्पट एक्स्पोजर द्या. डेव्हलप केल्यावर लांबच्या नाण्याखालचा गोल पांढरा आणि भोवतीचा कागद किंचित राखाडी असेल तर उजेड हेडमधून किंवा कॅरिअरच्या फटीतून गळतोय. लांबचं नाणं अजिबात दिसलं नाही आणि फक्त पट्ट्यातलं दिसलं तर तो भिंतीचा धूर.

---

डेव्हलपर_गिरगाव

फक्त पट्ट्यातलं दिसलं. लांबचं नाही.

---

कानसकाम

मग त्या कडेचा उतार अपुरा आहे. पट्टी उलटी करून लेन्सच्या बाजूने भिंग लावून बघा, ओठ १ मिमीच्या आसपास उभा राहिलेला असेल. व्हाइसमध्ये पट्टीचं शेवटचं टोक धरताना कानशीचा कोन बदलतो, म्हणून आखूड कडेला हे हमखास होतं. चित्र १८० अंश फिरतं हे लक्षात घेऊन बरोबर कड निवडा, प्रिंटवर डावीकडे दिसतोय म्हणून कॅरिअरची डावी घासू नका. सपाट निडल फाइलने फक्त उतार वाढवा, ओठ ०.४ वर आणा. फिल्मकडच्या कडेला हात लावायचा नाही, तुमचं माप बरोबर आलेलं आहे. त्यानंतर १००० चा वॉटर पेपर, साबण, वाळवणं आणि रंग. रंग रात्रभर वाळू द्या, हवा दमट असेल तर दोन रात्री, आणि पहिल्यांदा निगेटिव्ह घालण्याआधी रिकामा कॅरिअर पेटलेल्या दिव्याखाली दहा मिनिटं ठेवून रंगाला वास येतो का बघा. वास येत असेल तर अजून वाळलेला नाही.